कॉपी करून पास झालेली बॅटरी

दुकानदाराने इन्व्हर्टरच्या बॅटरीवर थाप मारली, लोक कलिंगडावर मारतात तशी, आणि आवाज ऐकून स्वतःच मान डोलावली. "ही घेऊन जा ताई. डोळे झाकून."

"डोळे झाकायचे असते तर घरबसल्या फोनवर नसती का मागवली?" असं म्हणत तिने छातीशी बांधलेल्या मुंगीचं डोकं एका हाताने सावरलं आणि वाकून बॅटरीच्या कडेला ठोकलेली तारीख वाचायला लागली. मुंगी म्हणजे तिची लेक. कागदोपत्री नाव चांगलं भारदस्त होतं, पण पोरगी इतकी चिमुकली आणि इतकी वळवळी, की ते नाव तिला दुसऱ्याच्या फ्रॉकसारखं ढगळ झालं असतं. म्हणून मुंगी.

तारीख ताजी होती. पाणी भरायची झाकणं घट्ट होती, टोकांवर पांढरी बुरशी नव्हती. चार माणसांच्या घराला ही मधली बॅटरी म्हणजे डोक्यावरून पाणी, असं दुकानदाराने सांगितलं. कोपऱ्यातली ती उंच दांडगी दवाखानेवाले नाहीतर सलूनवाले नेतात. तिने दांडगीकडेही एकदा नीट पाहून घेतलं. मग म्हणाली, मधली आठवडाभर वापरून बघते, पटली तर ठेवते.

"बॅटरी काय भाडेकरू आहे का ताई, चार दिवस ठेवून बघायला?"

"भाडेकरूच आहे. माझ्याच घरात राहणार आहे ना."

दुकानदार हसला आणि हसल्यावर माणूस निम्मा हरलेला असतो. शिवाय त्याच्या मागच्या फळीवर इस्त्र्यांची खोकी रचलेली होती आणि त्यांवरचा तपासणीचा शिक्का तिच्या हातचा होता, हे त्याला माहीत होतं. हा माल अजून खपला नाही का, मी रजेवर जायच्या आधीचा आहे, असं तिने सहज विचारलं. त्यावर त्याने निमूटपणे बॅटरी घरी पाठवायची व्यवस्था केली.

तिचं कामच तपासणीचं. इस्त्र्या, मिक्सर, पाणी तापवायच्या किटल्या असं काय काय बनवणाऱ्या कारखान्यात ती शेवटच्या टेबलावर बसे. तिच्यापुढून जे जाईल ते खोक्यात, जे अडेल ते मागे. पहिल्याच दिवशी तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी तिला सांगितलं होतं, की वस्तू बनवणाऱ्यासारखी वापरून बघू नकोस, वापरणाऱ्यासारखी वापर. लोक मिक्सरमध्ये चमचा विसरतात, इस्त्री पालथी टाकून दार उघडायला पळतात. तेव्हापासून आकड्यांवर तिचा फारसा विश्वास उरला नव्हता. डब्यावर छापलेला आकडा म्हणजे नोकरीच्या अर्जात माणूस स्वतःबद्दल लिहितो ते. खोटं नसतं, पण त्यात सोमवारची सकाळ कधी आलेली नसते. सासरे तर तिला नावाने हाकच मारत नसत. इन्स्पेक्टर म्हणत.

आता प्रश्न होता तो दुधाचा. रजा संपत आली होती आणि मुंगी वरचं दूध तोंडाला लावायला तयार नव्हती. तीन कंपन्यांचे डबे झाले, चमचा झाला, वाटी झाली. प्रत्येक वेळी तोंडाचा चंबू करून ती सगळं बाहेर ढकली आणि वर आपल्यालाच फसवल्यासारखं बघे. म्हणून इन्स्पेक्टर रोज दूध काढून छोट्या छोट्या पिशव्यांत भरी, त्यांवर तारीख घाली आणि फ्रीझरमध्ये रचून ठेवी. दिवसभर ती कामावर असताना आजीने एकेक पिशवी काढायची, कोमट करायची, मुंगीला द्यायची. बेत चोख होता. फक्त गल्लीत नवे खांब आणि नव्या वायरी टाकायचं काम निघालं होतं आणि त्यापायी दर आठवड्याला एक दिवस सकाळी गेलेली वीज थेट संध्याकाळी उगवे. मागे अशाच एका दिवशी जुन्या बॅटरीने मान टाकली. पंख्याचं काही नाही, पण फ्रीझरमधला सगळा साठा विरघळला. त्या पिशव्या तिने एकेक फोडून मोरीत रिकाम्या केल्या होत्या. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, की घरातल्या विजेचा भरवसा नसेल तर मी कामावर जाणार नाही, कारखान्यात तसं कळवून टाकते.

सासूबाईंचा घास हातातच राहिला होता.

तर आता ही नवी बॅटरी आली. नवरा पुलाच्या कामावर दुसऱ्या गावी, पंधरवड्याने येणारा. त्याने फोनवर सल्ला दिला, की एवढी भानगड कशाला, दोन बॅटऱ्या घेऊन टाक. तिने सांगितलं, की तू पूल बांधतोस तेव्हा भार न मोजता एकाऐवजी दोन पूल बांधून टाकतोस का? त्यावर त्याने विषय बदलून मुंगीचा आवाज ऐकव म्हणून सांगितलं.

बॅटरी पूर्ण चार्ज केली. चार्जर काढल्या काढल्या ती उगाच फुगून मोठा आकडा दाखवते, म्हणून रात्रभर तशीच निवू दिली. सकाळी तिने एकेक झाकण उघडून काचेच्या नळीने आतलं ॲसिड ओढून पाहिलं. नळीत एक छोटा तरंगता काटा असतो. बॅटरी भरलेली असली की ॲसिड दाट असतं, काटा वर तरंगतो. ती रिकामी होत जाईल तसं ॲसिड पातळ होतं आणि काटा बुडत जातो. सगळीकडे काटा ताठ मानेने वर होता. फ्रीझरमधलं खरं दूध तिने शेजारणीच्या फ्रीझरमध्ये नेऊन ठेवलं आणि त्याच मापाच्या पिशव्यांत पाणी भरून इथे गोठवलं. शेजारी एका वाटीत पाण्याचा बर्फ आणि त्यावर एक नाणं. बर्फ वितळला तर नाणं बुडेल, मग कोणी काही सांगायची गरज नाही.

"आज संध्याकाळपर्यंत घर बॅटरीवर," तिने सासू-सासऱ्यांना समोर बसवून सांगितलं. "मी कारखान्यात साहेबांना भेटून येते. आजचा दिवस टिकली तर हीच ठेवू."

"आणि नाही टिकली तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर मग बघू," ती म्हणाली, मेन स्विच खाली पाडला, मुंगीचा पापा घेतला आणि निघाली.

संध्याकाळी परतली तेव्हा दारातच सासरे उभे. अप्पा म्हणजे निवृत्त बसचालक. आयुष्यभर मोठं चाक फिरवून फिरवून खांदे असे रुंद झालेले, की घरातली दारं त्यांना तिरकं होऊन पार करावी लागत. चेहरा असा, जणू बोर्डाचा निकाल त्यांच्याच हातात आलाय.

"पास," ते म्हणाले. "फर्स्ट क्लास."

तिने फ्रीझर उघडला. नाणं बर्फावर ऐटीत बसलं होतं. पिशव्या दगडासारख्या. दिवा लागत होता. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, की बाई, बॅटरी आहे का काय आहे, दिवसभर हूं की चूं नाही.

तिलाही बरं वाटलं. वाटलं म्हणजे काय, पायातली चप्पल काढताना ती गुणगुणत होती. मग काचेची नळी घेऊन बॅटरीपाशी बसली. आणि गुणगुणणं थांबलं.

काटा जेमतेम दोन रेघा उतरला होता. घर दिवसभर चालवलेली बॅटरी ही नव्हे. ही तर दिवसभर पडून वर्तमानपत्र वाचलेली बॅटरी.

तिने दुसरं झाकण उघडलं, तिसरं उघडलं. तेच. मग तिने बॅटरी सोडली आणि घर तपासायला घेतलं, कारण शेवटच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला एवढं कळतं, की वस्तूत दोष सापडत नसेल तर तपासणीत शोधावा. ओट्यावर दुधाचं पातेलं परातीतल्या पाण्यात उभं होतं, वर ओलं फडकं. भाज्या टोपलीत, त्यांवरही ओलं फडकं. म्हणजे फ्रीज उघडलाच नव्हता. फ्रीजचं बटण सगळ्यात खालच्या आकड्यावर. टीव्हीवर धूळ तशीच, रोज बटण दाबताना बोटाने पुसली जाते त्या जागेवरही. मुंगीच्या मानेवर घामोळ्याची लाल रांगोळी. आणि अप्पा पाण्याचा पेला डाव्या हाताने उचलत होते.

"अप्पा, उजव्या हाताला काय झालं?"

"कुठे काय. जरा भरून आलाय."

"कशाने?"

अप्पांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी छताकडे. छताला पंखा होता, थांबलेला, आणि आता सगळ्यांनाच दिसत होता. पलंगाखालून वर्तमानपत्राची घडी डोकावत होती, मधोमध मुडपून मुडपून मऊ झालेली. अप्पांनी दिवसभर त्या घडीने मुंगीला वारा घातला होता.

तिला आधी हसू आलं. बॅटरीला परीक्षेला बसवलं आणि घरच्यांनीच तिला उत्तरं पुरवली. एकाने खिडकीतून चिठ्ठ्या टाकाव्यात आणि दुसऱ्याने दारात पहारा द्यावा, तसा प्रकार. ती हसली, तसे अप्पाही हायसं वाटून हसायला लागले, की चला, पकडलो गेलो पण मार नाही बसला. मग तिने लेकीची मान पुन्हा पाहिली आणि तिला उचलून घेतलं.

"आई, हे का केलंत?"

सासूबाई पदराने ओटा पुसायला लागल्या, पुसलेलाच ओटा. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "नापास झाली असती तर तू घरी बसली असतीस. मी बसले होते. तुझा नवरा एवढासा होता, सारखा आजारी. म्हटलं, वर्षभर बसते, मग परत टेलिफोन ऑफिसात जाईन. बसलं की उठणं फार जड जातं गं."

टेलिफोन ऑफिसबद्दल ती या घरात आल्यापासून दोनदा-तीनदा ऐकून होती, ते सगळं मजेचं: कानाला यंत्र लावून दोन गावं जोडायची, कोणी भांडत असलं की मध्येच वायर काढायची. आज पहिल्यांदा तिला त्या खुर्चीवरून उठलेली बाई दिसली.

ती सासूबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "मी जाणार आहे, आई. ते ठरलंय. बॅटरी बसेल, मी नाही बसणार." मग मुंगीच्या मानेवर बोट ठेवून म्हणाली, "पण तुम्ही तिघं घरात असे शिजत असाल, तर मी तिथे टेबलावर बसून कोणाची इस्त्री तपासू? दूध वाचलं आणि माणसं वाळली, असली बॅटरी घेऊन काय करायचंय?"

"मग उद्या पुन्हा घे परीक्षा," अप्पा म्हणाले. "उद्या अजिबात मदत करणार नाही. शब्द."

अप्पांनी शब्द पाळला, तो फारच पाळला. रात्रभर चार्ज झालेल्या बॅटरीवर दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी टीव्ही लावला, भर उजेडात सगळे दिवे लावले, मोकळ्या खोलीतला पंखा लावला आणि फ्रीजचं दार दर थोड्या वेळाने उघडून आत कोणी आहे का ते पाहायला लागले. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, हिला खरी परीक्षा हवीय ना, मग घे म्हणावं. बॅटरी जेवणाच्या आधीच गारद झाली.

तिने कपाळावर हात मारला. कालची परीक्षा लाडाची, आजची सुडाची. नेहमीसारखं वागा, असं तिने पुन्हा समजावून सांगितलं आणि सांगता सांगताच तिला कळून चुकलं, की नेहमीसारखं वागणं मुद्दाम वागायला गेलं की कोणालाच आठवत नाही. फोटो काढताना हात कुठे ठेवायचे ते आठवत नाही तसं. कारखान्यात इस्त्रीला माहीत नसतं, की आपल्याला तपासतायत. इथे सगळ्या इस्त्र्यांना माहीत होतं.

म्हणून तिने जाहीर केलं, की आता दोन दिवस सुट्टी, बॅटरीला जरा विश्रांती, मग शेवटची परीक्षा. घर सैलावलं, बॅटरीही पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी धुणं झालं, पंप लावून पाण्याची टाकी भरून झाली, अप्पा आंघोळीला गेले, सासूबाई मुंगीला मांडीवर घेऊन तिच्याशी तिच्याच भाषेत भांडत बसल्या. तेव्हा इन्स्पेक्टरने चपलांच्या कपाटामागे हात घातला आणि मेन स्विच हळूच खाली पाडला.

पंखा तसूभरही अडखळला नाही. कोणाला काही कळलं नाही.

मग ती बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने आपलं घर लांबून पाहिलं. ती नसताना घर असंच असणार होतं. अप्पा बातम्या लावतात आणि पाचव्या मिनिटाला घोरतात. टीव्ही बातम्या सांगत राहतो. सासूबाई फ्रीज उघडून, आपण काय घ्यायला आलो ते आठवत, दार उघडंच धरून उभ्या राहतात. मुंगी झोपते ती फक्त पलंगावरच्या पंख्याखाली आणि तो पंखा एका बाजूला टकटक करतो, त्या टकटकीवरच झोपते. दुपारी सासूबाई तिला उचलून खिडकीशी नेतात आणि नव्या खांबावर चढलेली माणसं दाखवतात. तोवर अप्पा जागे होऊन क्रिकेट लावतात. तिने एकही दिवा बंद केला नाही, कोणाला टोकलं नाही. घड्या घालून संपल्या तेव्हा तिने त्या मोडल्या आणि पुन्हा घातल्या.

दुपार कलायच्या सुमाराला फ्रीजने चालू व्हायला एक धक्का दिला, चपलांच्या कपाटामागे इन्व्हर्टर किंचाळला आणि टीव्ही काळा झाला. नेमका फलंदाज धाव घ्यायला निघाला होता.

"गेली," अप्पा म्हणाले. "अगं बॅटरी लाव की."

"तीच गेली, अप्पा. सकाळपासून तुम्ही बॅटरीवरच होतात."

अप्पांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं. आधी त्यांना क्रिकेटचं दुःख होतं, मग उमगलं आणि दुःख बदललं. सासूबाई मुंगीला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या, चेहरा पडलेला. "म्हणजे नापास."

"नापास," ती म्हणाली. पण तिचा चेहरा तर उजळला होता. तिने फ्रीझर उघडला; नाणं अजून बर्फावर होतं, पण कडेने पाणी सुटू लागलं होतं. "हिचं नापास होणं इतकं नीट झालंय, की आता मला आपल्या घराची भूक कळली. आपलं घर कधी किती खातं, काय खातं. ही मधली दुपारी थकते. आपल्याला संध्याकाळपर्यंत चालणारी हवी, आणि ती त्या दुकानाच्या कोपऱ्यात उभी आहे."

सासूबाईंनी विचारलं, टीव्ही बंद ठेवला तर हीच पुरेल ना? त्यांना अजूनही कोणाला तरी वाचवायचं होतं. ती म्हणाली, पुरेलही, पण मग रोज कोणीतरी काहीतरी बंद करत बसणार. कोणत्या तरी उन्हाळ्यात पुन्हा वर्तमानपत्राची घडी निघणार. अप्पांचा खांदा एवढा स्वस्त नाही. अप्पा म्हणाले, बरोबर आहे, मॅच तर अजिबात स्वस्त नाही.

दुकानदाराने मधली परत घेताना चारही बाजूंनी फिरवून पाहिली, ओरखडा सापडला नाही. दांडगी आणायला दोन हमाल लागले आणि दारातून आत येताना त्यांनाही अप्पांसारखं तिरकं व्हावं लागलं. दुकानदाराने फोनवर विचारलं, ताई, हिची परीक्षा कधी? ती म्हणाली, ते सांगायचं नसतं.

आणि खरंच, दांडगीची परीक्षा कधी झाली ते त्या घरात अजून कोणाला माहीत नाही. एका संध्याकाळी तिने मेन स्विच हळूच वर केला, नळीतला काटा पाहिला, तो दमला होता पण बुडाला नव्हता, आणि ती शेजारणीकडून दुधाच्या पिशव्या परत घेऊन आली. तेवढंच.

कामावर रुजू झाल्यावर पहिले काही दिवस वीज शहाण्यासारखी वागली. मग एके सकाळी कारखान्यात शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, की तुमच्या गल्लीच्या बाजूला आज वायरी बदलतायत, माझ्या बहिणीकडे पहाटेपासून अंधार आहे. इन्स्पेक्टरच्या हातात इस्त्री होती. तिने ती नीट स्टँडवर उभी केली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबली, कारण तपासणी मध्येच सोडायची नसते, आणि मग कारखान्याच्या मागच्या जिन्यात बसून घरी फोन लावला.

सासूबाईंनी उचलला. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, की वीज कधी गेली?

"वीज?" सासूबाई म्हणाल्या. "गेलीय का?" मग आत तोंड वळवून, "अहो, वीज गेलीय का हो?"

अप्पांचं उत्तर ऐकू आलं नाही, कारण टीव्हीवर कोणीतरी चौकार मारला होता. इन्स्पेक्टर फोन कानाला घट्ट लावून बसली. तिने डोळे मिटले आणि एकेक आवाज पुढे ओढून तपासायला घेतला. टीव्ही, नेहमीइतका मोठा. त्यामागे पलंगावरच्या पंख्याची टकटक, एका बाजूला कलती. मग फ्रीजचं दार उघडल्याचा तो चिकट आवाज, आणि दार बंद झाल्याचा आवाज येईना. म्हणजे सासूबाई फोन खांद्यात धरून दारात उभ्या होत्या, आपण काय घ्यायला आलो ते आठवत.

"दुधाची पिशवी," तिने इकडून सांगितलं.

"हो गं, तीच," सासूबाई म्हणाल्या. "दगड झालीय नुसती. ही बघ उठली तुझी मुंगी. ठेवते."

तिने फोन ठेवला. मग उठली, डब्यातला उरलेला घास तोंडात टाकला, हात पुसले आणि टेबलाशी जाऊन पुढची इस्त्री हातात घेतली.